इसिम, शेहिर, हायवान

मी काही दिवस तुर्कस्तानात राहून आले आहे असं कळलं की हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो: एर्तुग्रुल बघितली का? लॉकडाउनच्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यात ती मालिका उर्दू आवाजात घरोघर चालू असायची आणि पोरं पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन जिन्यावर लढायची. मी गेले होते २००८ साली. तेव्हा त्या मालिकेचा कुणाला पत्ताही नव्हता. दुसरा प्रश्न जरा विचार करून येतो, बहुधा शाळेतल्याच एखाद्या सहकाऱ्याकडून: ‘मॅडम, तुर्की आणि उर्दू एकच ना?’

एकच नाही. उर्दू आणि मराठी या एका भावकीतल्या, तुर्की वेगळ्याच कुळातली. पण तुर्कीने शेकडो वर्षं अरबी-फारसीचं मीठ खाल्लं, उर्दूनेही खाल्लं आणि आपल्या मराठीनेही, कबूल करो वा न करो, भरपूर खाल्लं. त्यामुळे तीन अनोळखी बायका एका लग्नात भेटाव्यात आणि तिघींच्या अंगावर एकाच दुकानातली ओढणी निघावी, तसं होतं. हे मला व्याकरणाच्या पुस्तकातून कळलं नाही. अकरा वर्षांच्या एका मुलीने एका दुपारी मला खेळात हरवत हरवत ते दाखवलं.

बी.एड. होऊन दोन वर्षं झाली होती, कायम नोकरी लागायची होती, आणि कोन्या शहरात तुर्की भाषेचा सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग मिळाला. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला कोन्या म्हटलं की मौलाना रूमी आठवतात. तिथले लोक त्यांना नुसतं मेव्लाना म्हणतात. त्यांच्या मजारीचा हिरवा घुमट मी पहिल्याच आठवड्यात पाहून आले, त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मी लिहिणार आहे ते ट्राम जिथे मला सोडायची तिथून पाच मिनिटांवरच्या एका इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराबद्दल.

त्या घरात मला मुलाची खोली दिली होती. मुलगा सक्तीच्या लष्करी सेवेत गेला होता. तेव्हा ती पंधरा महिन्यांची असायची. भिंतीवर त्याच्या फुटबॉल संघाचा गळपट्टा टांगलेला, कपाटाचे दोन कप्पे माझ्यासाठी रिकामे केलेले, बाकीच्यांत त्याचे कपडे घड्या घालून तसेच. वडिलांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. आई घर सांभाळायची. वडिलांची आई, म्हणजे तुर्कीत ‘बाबा-आन्ने’, सरळ शब्दशः बापाची आई, ती दिवाणखान्यातल्या सोफ्याच्या एका टोकाला बसलेली असायची. आणि धाकटी. तिचं नाव इथे लिहीत नाही. ती आता मोठी बाई झाली असेल आणि मी तिची परवानगी घेतलेली नाही. ती मला ‘आब्ला’ म्हणायची, म्हणजे ताई. आपण घरात थोरल्या बहिणीला ‘बाजी’ म्हणतो, तो शब्द तुर्कीच आहे. तिकडे ‘बाजी’ अजून आहे, पण शहरात आब्लाच चालतं.

तर तो जुलैमधला रविवार होता. तुर्कीत रविवारला ‘पझार’ म्हणतात, आणि बाजारालाही पझारच. आई-वडील गावी लग्नाला गेलेले. बाहेर कोरडं ऊन. कोन्या हजारेक मीटर उंचीवर आहे, संध्याकाळी शाल लागते, पण दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. जोहरची नमाज झाली, जेवण झालं. बाबा-आन्ने सोफ्यावर कलंडली. मी उद्याच्या धड्याची क्रियापदं घोकत बसले होते. धाकटी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, माझ्याशी कुणीच खेळत नाही.

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, माहिती म्हणून सांगत होती. भाऊ असता तर खेळला असता. भावाच्या पलंगावर मी बसले होते.

सुरुवात ‘बेश ताश’ने झाली. बेश म्हणजे पाच, ताश म्हणजे दगड. बाल्कनीतल्या कुंडीतून तिने पाच गुळगुळीत खडे काढून आणले, गालिचा गुंडाळून फरशीवर बसली. एक खडा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत एक उचलायचा, मग दोन-दोन, मग तीन आणि एक. मी हसायला लागले. हे आमचे सागरगोटे! लहानपणी सोलापूरला आम्ही चुलत बहिणी जिन्याखाली बसून दुपारच्या दुपारी हेच करायचो आणि अम्मी ओरडायची की घरात खडे वाजवले की भांडणं होतात. माझा हात अजून चालत होता. सलग दोन डाव मी जिंकले. तिला ते आवडलं नाही. पाहुणीने इतकं जिंकू नये असं तिचं मत दिसलं. पाहुण्याला तुर्कीत ‘मिसाफिर’ म्हणतात. आपल्याकडे मुसाफिर वाटेवर असतो, त्यांच्याकडे तो घरात येऊन बसलेला असतो.

‘देफ्तेर आण,’ ती म्हणाली, ‘आता माझा खेळ.’

मी तिचं शाळेचं दप्तर शोधायला लागले. तिला हवी होती वही. तुर्कीत देफ्तेर म्हणजे वही. आपल्याकडे तोच शब्द वह्या भरून पाठीवर घ्यायची पिशवी झाला. तिने वहीच्या मधली पानं काढली, पट्टीने रकाने आखले आणि वर लिहिलं: इसिम, शेहिर, हायवान, बित्की, एश्या.

मी ते पान बघत राहिले. इसिम म्हणजे नाव, शेहिर शहर, हायवान प्राणी, एश्या म्हणजे वस्तू. एकटं बित्की, म्हणजे झाड-वनस्पती, मला अनोळखी. उरलेले चार शब्द उर्दूच्या माझ्या चौथीच्या मुलांनीही ओळखले असते. ‘इसम’ मराठीत पोलिसांच्या पंचनाम्यात असतो, ‘एक अनोळखी इसम’. मूळ अरबीत त्याचा अर्थ नुसता नाव. हैवान आपल्याकडे फक्त शिवी म्हणून उरला, तिथे मांजरसुद्धा हायवान. आणि खेळ तर काय, आपलं नाव-गाव-फळ-फूल.

नियम असे. एकाने मनात तुर्कीची २९ अक्षरं म्हणत जायची, दुसऱ्याने ‘दुर’ म्हणजे थांब म्हणायचं, जे अक्षर येईल त्यावरून पाचही रकाने भरायचे. वेगळं उत्तर आलं तर दहा गुण, दोघांचं एकच आलं तर पाच-पाच. दुसऱ्याला काहीच सुचलं नाही तर वीस. घरोघरी हे आकडे बदलतात, हे त्या घरचे.

पहिलं अक्षर ‘क’ आलं. तिने लिहिलं केरेम, कोन्या, केदी म्हणजे मांजर, कार्पुझ, कालेम. मी लिहिलं केरीम, कोल्हापूर, कार्गा म्हणजे कावळा, कार्पुझ आणि किताप. कार्पुझला दोघींना पाच-पाच. तिकडे कार्पुझ म्हणजे कलिंगड, आणि त्याचाच सख्खा भाऊ खरबूज आपल्याकडे दुसऱ्याच फळाचं नाव घेऊन बसलाय. कोल्हापूर मात्र तिने मान्य केलं नाही. मी बनवलेलं गाव आहे असं तिचं म्हणणं. भावाचा शाळेचा नकाशासंग्रह आला. हिंदुस्थानचं पान उघडलं. कोल्हापूर त्यात होतं, बारीक अक्षरांत. तिने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, मग हिशेबाने दहा गुण दिले, आणि विचारलं, तुझं गाव कुठाय? सोलापूरही होतं. दोघांतलं अंतर तिने बोटाने मोजलं आणि म्हणाली, जवळ आहे की.

‘च’ला तिने मला धुतलं. प्राण्याच्या रकान्यात तिने लिहिलं ‘चाकाल’. माझा रकाना कोरा, म्हणजे तिला वीस. चाकाल म्हणजे काय ते मला समजावं म्हणून तिने हात जमिनीला टेकले आणि मान वर करून अशी काही कोल्हेकुई केली की बाबा-आन्ने दचकून जागी झाली. मी तिला सांगायचा प्रयत्न केला की हा शब्द मुळात आमच्याकडचा आहे. संस्कृतातला शृगाल इराणमध्ये शगाल झाला, तुमच्याकडे चाकाल, इंग्रजांकडे जॅकल. मला ते अद्भुत वाटत होतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग गुण कुणाला? तुझे तर शून्यच.

‘ह’ आला तेव्हा तिने लिहायच्या आधीच तोंडावर हात ठेवला. तिच्या पानावर प्राणी: ‘हिंदी’. तुर्कीत हिंदी म्हणजे टर्की नावाचा तो मोठा पक्षी. इंग्रज त्याला तुर्कांचा पक्षी समजतात आणि तुर्क त्याला हिंदुस्थानचा. बिचारा आला अमेरिकेतून. वनस्पतीच्या रकान्यातही तिने ‘हिंदिस्तान जेविझी’ लिहिलं होतं, म्हणजे हिंदुस्थानचं अक्रोड, म्हणजे नारळ. ती उठून माझ्याभोवती मान हलवत, गुलगुल आवाज काढत फिरायला लागली. हिंदी, हिंदी, आब्ला हिंदी! बाबा-आन्नेने तिला दटावलं, पाहुण्यांना असं म्हणू नये. मग स्वतःच पदराआड हसली. पदर म्हणजे डोक्यावरच्या रुमालाचं टोक.

मधल्या सुट्टीत बाबा-आन्नेने चहा टाकला. एकावर एक दोन किटल्या, कमरेत बारीक काचेचे पेले, सोबत सूर्यफुलाच्या बिया. चहावरून एक वेगळाच खेळ निघाला. तुर्कीत लिंग नसतं. तो, ती, ते, सगळ्यांना एकच ‘ओ’. मी तिला म्हटलं, आमच्याकडे प्रत्येक वस्तू पुरुष तरी असते, बाई तरी, नाहीतर दोन्ही नाही. तिचा विश्वास बसेना. म्हटलं, हा चहा मराठीत बाबा आहे, आणि उर्दूत चाय आन्ने आहे. एकच पेला? एकच पेला. सकाळी शाळेत मराठीच्या तासाला बाबा, घरी गेल्यावर आन्ने? हो. ती फरशीवर आडवी पडून हसली. मग घरभर फिरून एकेक वस्तूवर बोट ठेवत गेली. तवा? तव्याला ते ‘तावा’ म्हणतात. बाबा. खिडकी? आन्ने. पुस्तक? मराठीत दोन्ही नाही. मग काय? मी म्हटलं, बेबेक. म्हणजे बाळ. मराठीत ‘ते मूल’ म्हणतात, तेव्हा नपुंसकलिंग समजावायला याहून बरा शब्द मला आजही मिळालेला नाही. पुढे कित्येक वर्षं दुसरीच्या वर्गात मराठी शिकवताना मी हीच युक्ती वापरते. उर्दू घरातून आलेल्या मुलाला ‘ते पुस्तक’ पचत नाही, त्याच्या कानात ‘किताब अच्छी है’ बसलेलं असतं. बाळ म्हटलं की पचतं.

सोफा मराठीत कोण आहे? बाबा. मग बाबा-आन्ने बाबावर बसलीय, असं ती ओरडली. असो.

‘त’ला भांडण झालं. वस्तूच्या रकान्यात तिने ‘ताराक’ म्हणजे कंगवा लिहिला. मी लिहिलं ‘तय्यारे’. आपल्या उर्दू वाचनमालेत विमानाला तय्यारा म्हणतात. वर्गातल्या शिक्षकांनी सांगितलं होतं की जुन्या तुर्कीतही हाच शब्द होता. तिने पान ओढून घेतलं, वाचलं आणि फुली मारली. ‘योक.’ नाही. असा शब्दच नाही. विमान म्हणजे ‘उचाक’. उचाक ‘उ’ने सुरू होतं, त्यामुळे शून्य.

सोफ्यावरून आवाज आला: ‘वार!’ आहे!

बाबा-आन्ने उठून बसली होती. तय्यारे आहे. माझ्या लहानपणी आकाशात तय्यारे दिसलं की आम्ही पोरं शेतातून पळायचो. धाकटी म्हणाली, ते जुनं आहे, पुस्तकात नाही. बाबा-आन्ने म्हणाली, मी पुस्तकात नाही म्हणून मी नाही का? धाकटी म्हणाली, तू शाळेला ‘मेक्तेप’ म्हणतेस, शाळेला ‘ओकुल’ म्हणतात. शिक्षकाला ‘मुआल्लिम’ म्हणतेस, ‘ओग्रेत्मेन’ म्हणायचं असतं. विद्यार्थ्याला ‘तालेबे’. आमच्या बाई हसतील.

मी मधे बसून ऐकत होते. मकतब, मुअल्लिम, तालिब. आजी माझ्या भाषेत बोलत होती आणि नात तिला सांगत होती की ही भाषा नाही.

तुर्कस्तानात १९३२ साली भाषेची संस्था निघाली, तिने अरबी-फारसी शब्द वेचून काढले आणि जुन्या धातूंवरून नवे घडवले. उचणे म्हणजे उडणे, म्हणून उचाक. शब्द वाईट नाहीत. उचाक छानच आहे. पण त्यामुळे एका सोफ्यावर बसलेल्या दोन माणसांच्या मधे एक फट पडली, ती मी त्या दुपारी पाहिली. आपल्याकडेही हा उद्योग झालाच. सावरकरांनी तारखेला दिनांक केलं. ज्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश रचला, मराठीत गझल रुजवली, ते माधव जूलियनसुद्धा पुढे भाषाशुद्धीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. फारसी इतकी प्यार असलेल्या माणसाला तिकडे का जावंसं वाटलं असेल, याचं मला राहून राहून नवल वाटतं. माझ्या वर्गात निबंध लिहिताना पोरं विचारतात, मॅडम, तारीख लिहू की दिनांक? मी सांगते, दोन्ही मराठी आहेत, आखूड कोणता ते बघ.

तय्यारेला शेवटी पाच गुण मिळाले. आजीच्या दबावाखाली अर्धे.

मग ‘ओ’ आला. शहराच्या रकान्यात तिने लिहिलं ‘ओर्दू’. काळ्या समुद्राच्या काठी या नावाचं शहर आहे. मी म्हटलं, हे तर माझ्या भाषेचं नाव. मी ओर्दू शिकवते. ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘ओर्दू’ म्हणजे तुर्कीत सैन्य, सैन्याची छावणी. आपल्या उर्दूचं नाव तिथूनच आलं, मुघलांच्या छावणीच्या भाषेवरून; हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं आणि विसरलेलंही. तिने विचारलं, तू मुलांना सैन्य शिकवतेस? मी समजावलं. ती थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, आबी ओर्दूत आहे.

दादा सैन्यात आहे. एवढंच. पण बाबा-आन्नेने रिमोट उचलला, बातम्या लावल्या, आणि आवाज न करता नुसतं बघून पुन्हा बंद केल्या. त्या दिवसांत आग्नेयेकडच्या डोंगरात चकमकी चालू असायच्या आणि बातम्या तासाच्या ठोक्याला लागायच्या. तो तिकडे नव्हता, इझमीरकडे कुठेतरी होता. तरी ती बघायची.

कदाचित विषय बदलावा म्हणूनच तिने मला विचारलं, तू जुनी अक्षरं वाचतेस ना? आणि बाहेरच्या अरुंद बोळकांडीत लावलेली चौकट काढून आणायला सांगितलं. चार आठवडे मी तिच्याखालून जात-येत होते. वेलबुट्टीची किनार, वर तुघरा म्हणजे सुलतानाची मोहर, खाली छापील ओळी आणि मधल्या मोकळ्या जागांत शाईने भरलेला मजकूर. वाटायचं, दुआ असेल. घरातल्या सगळ्यांनाही तसंच वाटायचं. बाबा-आन्नेने रुमालाच्या टोकाने काच पुसली. हे तिच्या वडिलांचं होतं. काय आहे ते तिला माहीत नव्हतं. ती कुरआन वाचायची, अक्षरं ओळखीची होती, पण जेर-जबर नसलेली अक्षरं लागत नाहीत, असं म्हणाली.

तुर्कस्तानात लिपी बदलली ती १९२८ साली. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला कायदा झाला आणि नव्या वर्षापासून छापील सगळं लॅटिन अक्षरांत. बाबा-आन्ने त्यानंतर जन्मली. तिचे वडील मात्र तेव्हा तेविशीचे होते, त्यांना पुन्हा रात्रीच्या वर्गात बसून एबीसी गिरवावी लागली. दुकानाच्या याद्या ते मरेपर्यंत जुन्याच अक्षरांत लिहायचे, कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून, असं ती हसून म्हणाली.

वरची मोठी ओळ मी वाचली: शहादतनामा. ‘शेहादेतनामे!’ बाबा-आन्ने म्हणाली, आणि तिचा हात गालावर गेला. ती दुआ नव्हती. शाळेचा दाखला होता. प्राथमिक शाळा पास झाल्याचं प्रमाणपत्र.

धाकटीने लगेच वहीचं नवं पान काढलं. तिला खेळ सापडला होता. मी आवाज काढायचा, तिने अर्थ लावायचा. मी वाचलेल्या शब्दाला मला गुण, तिला कळलेल्या शब्दाला तिला. बाबा-आन्नेला का नाही? ती पंच.

यात गंमत अशी की जिथे मी अडखळायची तिथे ती जिंकायची. ‘मक्तब-ए-इब्तिदाई’ मी सहज वाचलं, तिला ओ की ठो कळलं नाही. पण पुढे आला ‘वाव, ये, रे, लाम, दाल, ये’ असा एक शब्द. उर्दूच्या नजरेने मी वाचलं: वीरलदी. तिने दोनदा पुटपुटून बघितलं आणि किंचाळली, ‘वेरिल्दी!’ देण्यात आले. रोजचा साधा तुर्की शब्द. तुर्कीत आठ स्वर आहेत आणि अरबी लिपीत त्यांच्यासाठी पुरेशी अक्षरंच नाहीत, त्यामुळे अरबी-फारसी शब्द मला लख्ख दिसत होते आणि अस्सल तुर्की शब्द धुक्यात. तिचं उलट. ओळीतला एक शब्द माझा, एक तिचा, असं करत आम्ही काचेवर बोट सरकवत गेलो. सन १३३३ होतं. मी हिजरी समजून हिशेब मांडला; दुसऱ्या दिवशी वर्गातल्या शिक्षकांनी सांगितलं की उस्मानी कारभाराचं रूमी पंचांग वेगळं, त्या हिशेबाने ते १९१७. म्हणजे पहिल्या महायुद्धाचं वर्ष, आणि मुलगा बाराएक वर्षांचा.

अब्बांच्या लोखंडी पेटीत आमच्या पणजोबांच्या जमिनीचे मोडीतले कागद आहेत. स्वातंत्र्यानंतर मोडी शाळांतून गेली, आणि आता त्या कागदांसाठी कोर्टाजवळ बसणाऱ्या एका जाणकाराकडे जावं लागतं. ते वाचून दाखवतात आणि फी घेतात. नानीची पत्रं उर्दूत आहेत, ती मी वाचते. माझ्या बहिणीची मुलं इंग्रजी शाळेत जातात. नानीचं पत्र त्यांच्या हातात दिलं की ती विचारतात, खाला, हे सरळ धरलंय की उलटं?

दाखल्याच्या खालच्या भागात विषयांचा तक्ता होता आणि तिथे मला धापच लागली. किराअत. इमला. हुस्न-ए-खत. हिसाब. तारीख. जुगराफिया. आमच्या उर्दू शाळेच्या प्रगतिपुस्तकातलेच शब्द. तेवढं खुशखतचं इथे हुस्न-ए-खत होतं. सोलापुरात मी ज्या शाळेत पुढे नोकरीला लागले, तिथे वर्षातून दोनदा मी अजूनही हेच तक्ते भरते. नव्वद वर्षांपूर्वी कोन्याजवळच्या कुठल्याशा गावात एका मास्तरांनी त्याच शब्दांसमोर शेरे लिहिले होते. माझ्यासारखेच घाईत, अक्षरं एकमेकांत घुसवून.

बाबा-आन्नेला विषयांशी घेणं नव्हतं. तिला शेरे हवे होते. वडील किती हुशार होते ते.

किराअत: आला. उत्तम. ती मान डोलवत होती. इमला: आला. हुस्न-ए-खत: ‘अलीय्युल-आला’, म्हणजे उत्तमाहून उत्तम. हे वाचल्यावर तिने दोन्ही हात वर करून अल्लाहचे आभार मानले आणि म्हणाली, त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं, आम्हाला वाचता यायचं नाही पण दिसायला मोत्यासारखं. जुगराफिया: आलाच्या जवळ. तेव्हा असाही एक शेरा असायचा. तारीख: आला.

हिसाबपाशी मी थांबले. शाई फिकी होती म्हणून नव्हे, स्पष्टच होतं. मी धाकटीकडे बघितलं. महिन्यापूर्वी तिचं प्रगतिपुस्तक आलं होतं, त्यावरून घरात रडारड झाली होती आणि तिची सायकल उन्हाळाभर तळघरात कुलपात होती.

‘वाच ना,’ बाबा-आन्ने म्हणाली.

‘हेसाप,’ मी वाचलं, ‘वसत.’

वसत शब्द धाकटीलाही येत होता. तो त्यांच्या भाषेतून कुणी काढून टाकलेला नाही. मध्यम. ती उठली, पळत आत गेली, ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला आणि आपलं प्रगतिपुस्तक घेऊन आली. चौकटीच्या शेजारी गालिच्यावर उघडून ठेवलं. गणित, पाचपैकी तीन, मध्यम. दोन्ही कागदांवरून तिने बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि वहीत आपल्या नावाच्या शेजारी एक नवा रकाना आखून त्यावर लिहिलं: बाबा-आन्नेचे बाबा.

एकच उत्तर, असं ती म्हणाली. दोघांना पाच-पाच.